सही माझी होती

मला श्वास पुरत नाही, हे माझ्या आधी माझ्या तिसरीच्या वर्गाला कळलं होतं. पाढे म्हणून घेताना मी ‘तेरा सक’ म्हणून थांबायचे आणि ‘अठ्ठ्याहत्तर’ मुलं म्हणायची. त्यांना वाटायचं, बाई मुद्दाम थांबतात. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. कोऱ्हाळे बुद्रुकच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका होते. वय अठ्ठावीस. यजमान विलास इंदापूरच्या तहसील कचेरीत कारकून. ते शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचे. घरात मी, चार वर्षांची प्रज्ञा आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्या होत्या म्हणून माझी नोकरी चालली होती, हे आधीच सांगून टाकते. पुढं त्यांच्याबद्दल मी जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नये.

त्या उन्हाळ्यात मला दिवस गेले. आम्हा दोघांनाही दुसरं मूल हवं होतं. शाळा उघडली तेव्हा तिसरा महिना संपत आला होता. हापशावरून कळशी आणताना दोनदा टेकायला लागायचं. आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून मी भिंतीला टेकून, बसूनच झोपायचे. आत्या म्हणायच्या, ‘‘पोटुशी बाईला धाप लागायचीच. मला तर विलासच्या टायमाला जीव नको झालता.’’

एक दिवस आरोग्य केंद्राच्या नर्सबाई मुलांना लस द्यायला शाळेत आल्या. मी खोकत होते. रुमालावर गुलाबी थुंकी होती. त्यांनी ती पाहिली, मला खुर्चीत बसवलं, माझ्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेना.

‘‘बाई, हे पोटुशेपणाचं नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उद्याच्या उद्या बारामती गाठा.’’

निदान

बारामतीला माझं माहेर. वडील, म्हणजे अण्णा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई मी कॉलेजात असतानाच गेली. अण्णांनीच मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. कुशीवर वळवून पुन्हा ऐकलं. मग कार्डिओग्राम, फोटो झाला. त्यांनी विचारलं, ‘‘लहानपणी कधी सांधे सुजले होते?’’

मी आठवत होते तोवर अण्णा म्हणाले, ‘‘नऊ वर्षांची होती. दोन्ही गुडघे. ताप होता. मी निर्गुडीचा शेक दिला, एरंडेल चोळलं. महिन्याभरात उतरलं.’’

‘‘तो सांधेताप होता. सांध्यातून गेला, पण जाताना हृदयाच्या झडपेला धरून गेला.’’ डॉक्टरांनी कागदावर एक दरवाजा काढला आणि तो जवळजवळ मिटवला. ‘‘दार इतकंच उघडतंय. पोटात बाळ असलं की रक्त वाढतं. ते या फटीतून जाऊ शकत नाही, म्हणून फुप्फुसात तुंबतं.’’

अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. घराच्या दारात रिक्षातून उतरताना म्हणाले, ‘‘माझ्याकडून राहिलं, सुनंदा.’’ मी म्हटलं, त्या काळात कुणाला माहीत होतं? पण ते ऐकत नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी माझं दुखणं स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि त्याचा त्रास पुढं मलाच झाला.

डॉक्टरांनी शाळा बंद करायला सांगितली, म्हणून प्रज्ञाला घेऊन मी अण्णांकडेच राहिले. बिनमिठाचं जेवण, पाणी उतरायची गोळी, पूर्ण विश्रांती. बाळाचं काय करायचं ते ठरवण्यासाठी बारामतीतल्याच एका प्रसूतिगृहाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्या पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तपासून सांगितलं की चौथा महिना चालू आहे, विचार करा, पण फार दिवस घालवू नका. तेव्हा माझ्यासोबत अण्णा होते, विलास होते, बातमी कळून इंदापूरहून आलेले थोरले दीर होते. डॉक्टरबाई बोलल्या ते सगळं त्या तिघांनी ऐकलं. माझ्या कानात फक्त ‘फार दिवस घालवू नका’ एवढंच राहिलं.

जीपमधली तपासणी

पुढच्या रविवारी थोरले दीर जीप घेऊन आले. सोबत आत्या. ‘‘एका मोठ्या मशिनवर दाखवू. हितल्या डॉक्टरला सगळं कळतंच असं न्हाय,’’ भावजी म्हणाले. अण्णा बाजारात गेले होते. विलास म्हणाले, ‘‘दाखवून यायला काय हरकत हाय?’’

मला वाटलं, हृदयाची तपासणी असेल. दुसऱ्या तालुक्यातलं एक घर होतं, बाहेर पाटी नव्हती. आतल्या माणसानं गार मलम माझ्या छातीला न लावता पोटाला लावलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी उठायला लागले. तो म्हणाला, ‘‘हलू नका ताई, झालंच.’’ मला तो काहीच बोलला नाही. बाहेर जाऊन भावजींशी बोलला. परत येताना भावजींनी जीप थांबवली आणि पेढे घेतले.

हेच भावजी पौर्णिमेला विहारात मुलगा-मुलगी समान यावर भाषण करायचे. चांगलं करायचे. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आत्यांनी पेढा माझ्या तोंडाशी धरला. ‘‘पाच म्हयनं कळ काढ, बाय. खाटंवरनं उठू नगंस. मी सगळं करीन तुजं. हगणं-मुतणं काढीन.’’ त्या ते मनापासून म्हणत होत्या. त्यांच्या थोरल्या मुलाला तीन मुली, आम्हाला एक. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी आल्यावर अण्णांनी पेढ्यांचा पुडा पाहिला आणि सगळं ओळखलं. आमच्या ओट्यावर मग जे झालं ते चार घरांनी ऐकलं.

‘‘ती मेली तर तुमचा वंश कोण दूध पाजून वाढवणार?’’ अण्णा म्हणाले. ‘‘उद्याच खाली करायचं. सही मी करतो.’’

‘‘तुमची सही कशी चालंल? लगीन करून दिली तवाच ती आमची झाली,’’ भावजी म्हणाले. ‘‘सही विलास करील. आन त्यो करनार न्हाय.’’

सगळ्यांनी विलासकडे पाहिलं. ते प्रज्ञाच्या चपलेचा बंद लावत बसले होते. तो आधीच लावलेला होता.

मी आत खाटेवर उशांना टेकून होते. माझ्याबद्दल चाललेलं सगळं ऐकू येत होतं. त्या आठवड्यात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला विहारात जाणाऱ्या बायका वाटेत मला बघायला यायच्या. एक म्हणायची, पोटातला जीव म्हणजे देवळातला दगड नव्हे, उचलून टाकायला. दुसरी म्हणायची, पोर काय परत होईल. अण्णा उशाशी बसून सांगायचे, ‘‘तुला काही विचार करायचा नाही. मी ठरवलंय.’’ माझ्यावर जीव असणारी माणसंच मला दोन्हीकडून ओढत होती. आत्यांच्या ओढण्यात निदान पेढे तरी होते. अण्णांच्या ओढण्यात अपराधीपणा होता, आणि त्याला नाही म्हणणं मला जास्त जड जात होतं.

आणि त्याच दिवसांत एका दुपारी पोटात मासोळी वळल्यासारखं झालं. मी ते कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

‘सगळे बाहेर जा’

डॉक्टरबाईंकडे पुन्हा गेलो तेव्हा लवाजमाच होता. अण्णा आणि भावजी एकाच वेळी बोलू लागले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

‘‘सगळे बाहेर जा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नवरासुद्धा.’’

दार लागल्यावर त्यांनी मला पाणी दिलं. ‘‘आता तू सांग.’’

‘‘काय सांगू? मला कुणी विचारलंच नाही अजून.’’

‘‘मी विचारतेय.’’

मला रडू आलं. रडताना धाप लागली, म्हणून रडणंही थांबवावं लागलं. मग मी एका बाईनं दुसऱ्या बाईला विचारावेत तसे प्रश्न विचारले. बाळ ठेवलं तर? त्या म्हणाल्या, शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणाच्या वेळी धोका सगळ्यात जास्त. काही बाया निभावतात, काही निभावत नाहीत. पोटात बाळ असतानाच झडप उघडली तर? पुण्यात करतात, पण दोघांपैकी कुणाचीच खात्री नाही. खाली केलं तर? यातही धोका आहे, पण तिन्हींत कमी. पुढं शांतपणे हृदयाचं ऑपरेशन करता येईल.

‘‘तुम्ही काय केलं असतं?’’

‘‘मी तुझ्या जागी नाही. मला चार वर्षांची मुलगी नाही, आणि माझ्या पोटात ते हलत नाहीये.’’ मी न सांगता त्यांना ते कळलं होतं. ‘‘दोन दिवस घे. इथंच ॲडमिट हो. भेटायला मी कुणालाही सोडणार नाही. विश्रांतीची सक्त ताकीद म्हणून सांगेन.’’

आजारपणात मला खूप जणांनी खूप काही दिलं. पण भेटायला कुणी न येणारे ते दोन दिवस, हे सगळ्यांत मोठं देणं होतं.

शेजारची खाट

वॉर्डात चार खाटा होत्या. सकाळी आया फरशी पुसायची, मग सिस्टर नाडी बघायची, मग चहा. माझ्या चहात साखर चालायची, भाजीत मीठ चालत नव्हतं, म्हणून मी दिवसभर चहाचीच वाट पाहायचे.

शेजारच्या खाटेवर सुप्याची शालन होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, भिंतीकडे तोंड करून पडलेली. पहिल्या दिवशी ती बोलली नाही. दुसऱ्या सकाळी मी पेपर वाचत होते, तेव्हा तिनं विचारलं, ‘‘तुमी मास्तरीण हाय का?’’

‘‘हो.’’

‘‘मग ह्यो कागद वाचून दावता?’’

तिच्या उशाखाली संमतीचा छापील कागद होता. तसाच माझ्याही उशाखाली होता आणि मी तो शिक्षिकेच्या सवयीनं दोनदा वाचला होता. शालनला दोन मुली. तिलाही कुठंतरी मशिनवर नेऊन दाखवलं होतं, आणि इथं सांगितलं होतं की गर्भनिरोधकाचं साधन बसवूनही दिवस गेले, हे मूल नको आहे.

‘‘तसं झालं होतं का?’’ मी विचारलं.

‘‘न्हाय. त्येंनी सांगितलं, असं सांग. न्हाय सांगितलं तर दुसरी करतो म्हनलं.’’ तिनं पदरानं नाक पुसलं. ‘‘पोरी हायेत म्हनून काय झालं? माज्याच हायेत ना.’’

मी तिला कागद वाचून दाखवला. सावकाश, ओळीओळीनं. वाचता वाचता माझ्याच पहिल्यांदा नीट लक्षात आलं, की नवऱ्याच्या सहीला तिथं जागाच नव्हती. वडिलांच्याही नाही, दिराच्याही नाही. खाली एकच रेघ होती, आणि ती बाईच्या सहीची होती. बाहेर टेबलावरचा माणूस मात्र सगळ्यांना नवऱ्याला घेऊन या म्हणायचा. मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘ती पद्धत आहे. कायद्यात सज्ञान बाईचीच सही लागते.’’

शालन उठून बसली. ‘‘म्हंजी मी आंगठा न्हाय दिला तर?’’

‘‘तर तुला कुणी हात लावू शकत नाही.’’

‘‘आन घरी गेल्याव?’’

‘‘ते मला माहीत नाही,’’ मी म्हटलं. खोटा धीर द्यायला नको वाटलं. ती कितीतरी वेळ कागदाकडे पाहत राहिली, तिला वाचता येत असल्यासारखी. मग म्हणाली, ‘‘आईकडं जाईन. आई न्हाय म्हननार न्हाय.’’

डॉक्टरबाई फेरीला आल्या तेव्हा शालननं सगळं खरं सांगितलं. बाईंनी तिच्या नवऱ्याला आत बोलावलं आणि आमच्यासमोरच म्हणाल्या, ‘‘तुमच्या बायकोला नको आहे. मी करणार नाही. आणि मुलगी आहे म्हणून कुणी आणलं तर मी मुळीच करत नाही. तिला तिच्या आईकडे सोडा.’’ तो काही बोलायला गेला, पण वॉर्डातल्या तीन बाया आणि एक आया त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं पिशवी उचलली.

पुढं वर्षभरानं मला शाळेच्या पत्त्यावर तिचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. तिसरीही मुलगी झाली होती. सहा महिन्यांनी नवरा न्यायला आला होता. ‘अजून बोलत नाही जास्त. पण धाकटीला खांद्यावर घेतो,’ असं लिहिलं होतं.

त्या दिवशी शालन गेल्यावर तिची खाट रिकामी झाली आणि मी विचार करायला लागले. तिला मूल हवं होतं आणि लोक नको म्हणत होते. माझ्या घरी अर्धे लोक हवं म्हणत होते, अर्धे नको. मला काय हवं होतं? मला मूलही हवं होतं आणि जगायचंही होतं. दोन्ही मिळणार नव्हतं. मी डोळे मिटून पुढच्या जूनचा विचार केला. प्रज्ञा पहिलीत जाणार होती. तिचा हात धरून शाळेत नेणारी मी मला दिसत होते. ते चित्र मला सोडवेना. दुसरं कुठलंही चित्र डोळ्यांपुढं इतकं स्पष्ट येत नव्हतं.

संध्याकाळी मी सिस्टरकडून पेन मागून घेतलं आणि सही केली. अण्णा ज्याची सक्ती करत होते तेच मी केलं होतं, पण त्यांच्यासाठी केलं नव्हतं. हा फरक बाहेरून कुणाला दिसणार नाही. मला मात्र तो आयुष्यभर पुरला आहे.

त्यानंतर

दीड दिवस कळा आल्या. हृदयाचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. मला भीती वाटत होती, हे लपवत नाही. यमुना नावाची आया होती. ती माझ्या पाठीला हात लावून बसून राहिली. तिनं एकदाही ‘होईल सगळं नीट’ असं म्हटलं नाही. ‘‘मी हितंच हाय,’’ एवढंच म्हणायची. झाल्यावर सिस्टरनी विचारलं, बघायचं आहे का. मी नको म्हटलं. ते बरोबर केलं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही.

मी रडले. आठवडाभर रडले. निर्णय आपला असला तरी दुःख होतंच. आणि दुःख झालं म्हणजे निर्णय चुकला असंही नसतं. हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून आता मी सांगते.

आत्या इंदापूरला निघून गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. भावजींनी पाहुण्यांत सांगितलं, की मास्तरणीनं पोरगा पाडला. विलास दर शनिवारी बारामतीला यायचे, बिनमिठाच्या भाजीचा डबा माझ्यासोबत खायचे. वरून मीठ घ्यायचे नाहीत. पण त्या दिवशी ओट्यावर गप्प का बसलात, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

थंडीत पुण्याच्या सरकारी दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. डाव्या कुशीला चीर देऊन आकसलेली झडप मोकळी केली. शुद्धीवर आले तेव्हा छातीत आग होती, नळ्या होत्या, तहान होती. चौथ्या दिवशी सिस्टरनी माझ्यामागच्या दोन उशा काढल्या आणि म्हणाल्या, ‘‘आडव्या व्हा.’’ मी घाबरत घाबरत पाठ टेकली. खोकला आला नाही. वर पंखा होता, त्याच्या एका पात्यावर कुणीतरी पांढरा रंग सांडलेला होता. सहा महिन्यांनी मी छत बघत होते. इतकं सुख मला पुढं क्वचितच मिळालं.

सहाव्या दिवशी आत्या आल्या. न कळवता, इंदापूरहून एकट्या, दोन गाड्या बदलून. खाटेपाशी पिशवी ठेवली. माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. त्यांनी पिशवीतून फणी काढली आणि माझ्यामागं बसून जटा सोडवू लागल्या. बराच वेळ गेला. मग पाठीमागूनच आवाज आला.

‘‘मला सात झाली. चार जगली. पाचव्या टायमाला मला नगं हुतं. आंगात रगत न्हवतं. मालकास्नी म्हनलं, तर म्हनलं, बाईनं असं बोलू न्हाय.’’

फणी एका गाठीत अडकली, ती त्यांनी बोटांनी सोडवली.

‘‘त्या पोरीला दूधच आलं न्हाय मला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दीड म्हयना जगली.’’

एवढंच. माझं चुकलं, असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुढं कित्येक वर्षं कुणाच्या बारशाहून आल्या की ‘आपला बी आज एवढा झाला असता’ म्हणायच्या. पण मी जूनमध्ये शाळेत रुजू झाले तेव्हा कोऱ्हाळ्याच्या घरी पुन्हा राहायला आल्या, आणि प्रज्ञाला पहिल्या दिवशी वर्गात सोडायला मी निघाले तर पायरीवरूनच म्हणाल्या, ‘‘सावकास जा. पळू नगं.’’

जिला हे वाचायची वेळ आली असेल तिला

माझ्याकडे शिकवण अशी नाही. एक-दोन साध्या गोष्टी आहेत. डॉक्टरांशी एकटीनं बोलायची मागणी कर. दार लावून घे. जे प्रश्न बावळटपणाचे वाटतात तेच आधी विचार. कुठलाही कागद असो, वाचून घे, वाचता येत नसेल तर वाचून दाखव म्हण. वॉर्डात एखादी मास्तरीण सापडतेच. आणि जवळच्या माणसांची माया म्हणजे त्यांचा हक्क नव्हे. मी ठेवायचं ठरवलं असतं तरी हेच लिहिलं असतं.

विलासची गोष्ट

पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आता मूल नको. म्हणजे कुणाचं तरी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करायचं. माझं करायचं तर पुन्हा भूल, पुन्हा हृदयावर ताण. भावजी एकदा कोऱ्हाळ्याला आले असताना विषय निघाला. ते म्हणाले, ‘‘ते बायकांनीच करायचं असतं. पुरुष मानूस कष्टाला राहत न्हाय.’’ विलास तेव्हाही गप्प होते. मी मनात म्हटलं, चालायचंच.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी ते अचानक घरी आले. गुरुवारी ते कधी येत नसत. शाळेला स्थानिक सुट्टी होती, म्हणून मी घरीच होते. आत्या दारात शेंगा फोडत होत्या. एस.टी. थांब्यापासून घर दोनशे पावलं, पण विलासना यायला फार वेळ लागला. पाय फाकवून, काट्यातून चालल्यासारखे येत होते.

‘‘काय झालं रं चालाया?’’ आत्यांनी विचारलं.

‘‘नसबंदी केली. सकाळी, इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात.’’

आत्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. मी चौकटीला धरून उभी होते. मलाही यातलं काही माहीत नव्हतं.

‘‘थोरल्याला ठावं हाय?’’

‘‘न्हाय.’’

‘‘मला सांगायचं हुतंस.’’

‘‘सांगितलं असतं तर तू रडली असतीस आन मी परत फिरलो असतो,’’ विलास म्हणाले. ‘‘मी परत फिरनारा मानूस हाय, आई. त्या दिवशी ओट्यावर बी फिरलो. म्हनून न सांगता गेलो.’’

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण त्यांनी असं सरळ माझ्याकडे क्वचितच पाहिलं असेल. ‘‘डॉक्टर म्हनले, आठ दिवस वजन उचलायचं न्हाय,’’ ते म्हणाले.

आत्यांनी शेंगांचा ढीग बाजूला सारला. मला वाटलं, आता या उठून आत जातील आणि पिशवी भरतील. त्या उठल्या, आत गेल्या आणि गोधडी घेऊन आल्या. ओसरीवर ती चार पदरी घालून हातानं दाबून पाहिली.

‘‘बस हितं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आन सुनंदा, कळशी आज मी आनते. तुमी दोगं बी बसा.’’